रेन्टीचा राहिलेला फेर

मी एक जुना दांडा आहे. हिकरी नावाच्या चिवट झाडाचा, माणसाच्या खांद्याइतका उंच, मधोमध गुळगुळीत आणि खालच्या टोकाला बोथट झालेला. मला पाहून कोणी थांबत नाही, आणि थांबावं असं माझ्यात काही दिसतही नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्या आवाजावर माणसं चालत असत. मेलेली माणसंसुद्धा चालतात, असं बायना म्हणायची.

माझा जन्म जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर झाला. चहूकडे खाजण, आणि खाजणाला लागून भातखाचरं. रेन्टी नावाच्या शेतकऱ्याने मला तासून कुदळीला बसवलं. बायना त्याची बायको. काही वर्षं मी चिखल उपसला, बांध घातले. मग एका पावसाळ्यात कुदळीचं पातं मोडलं. दुसऱ्या कोणी मला चुलीत घातलं असतं. रेन्टीने मात्र मला घराच्या जमिनीच्या फळ्यांवर उभं धरलं, थोडं उचललं आणि सोडून दिलं. फळ्या घुमल्या. तो बायनाला म्हणाला, "हा बोलतो गं." त्या दिवसापासून मी शेतात गेलो नाही.

मी गेलो प्रार्थनाघरात. ते म्हणजे फळ्यांची एक खोली, बाकी काही नाही. या लोकांच्या आजा-पणजांना गुलाम करून आणलं तेव्हा मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले होते. ढोल गेले, पण पायाखालची जमीन कोण काढून नेणार? म्हणून ते जमीन वाजवायला शिकले. एक जण गाणं उचली, झीलकरी टाळ्या वाजवत त्याच्या मागे म्हणत, आणि दांडेवाला खुर्चीवर बसून माझ्यासारख्या दांड्याने फळ्यांवर ताल धरी. माझे ठोके तीन. पहिले दोन लांब, तिसरा तोकडा, आणि तो तिसरा पडला की गोल धरलेल्या माणसांचा सगळा फेर एक पाऊल पुढे सरके.

त्या फेराचा एक नियम होता. पाऊल जमिनीवरून घासत न्यायचं, उचलायचं नाही, आणि एका पायावरून दुसरा पाय कधी पलीकडे टाकायचा नाही. पायाला पाय ओलांडला की तो नाच झाला. नाच जगाचा आणि फेर देवाचा. बेटावरच्या लहान पोरांनाही हे ठाऊक होतं. कोणाचा पाय चुकला तर म्हाताऱ्या त्याला बाहेर काढत आणि पुढचा महिनाभर त्याची टर उडवत.

माणूस गेलं की त्याच्यासाठी फेर धरायचा, ही तिथली रीत. बायना मानायची की फेर झाला नाही तर गेलेला माणूस वाटेतच उभा राहतो. पुढे जायचं की मागे यायचं, त्याला कळत नाही. रेन्टीने माझ्यासह किती जणांना पोचवलं असेल याचा हिशोब त्यानेही ठेवला नाही आणि मीही नाही.

मग एका वर्षी वादळाने बांध फोडले आणि खाऱ्या पाण्याने खाचरं जाळून टाकली. रेन्टी आणि बायनाचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी होता. त्याची बायको वारली होती आणि त्याची मुलगी ऑरेलिया न्यूयॉर्कला हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत शेजाऱ्यांच्या आधाराने वाढत होती. तेव्हा म्हातारा-म्हातारी सावाना बंदरातून बोटीने नातीकडे निघाली. बायनाने दोन गाठोडी घेतली. रेन्टीने मला घेतलं. बोटीवरच्या एका माणसाने त्याला विचारलं, न्यूयॉर्कमध्ये काठ्या मिळत नाहीत का? रेन्टी म्हणाला, मिळत असतील, पण माझ्या ओळखीच्या नाहीत.

हार्लेममध्ये आमची खोली पाचव्या मजल्यावर होती. पहिल्याच हिवाळ्यात रेन्टी रस्त्यावरचं बर्फ उपसायच्या कामाला गेला आणि न्यूमोनिया घेऊन परतला. तो अंथरुणावर असताना मी उशाशी होतो. त्याचा हात अधूनमधून माझ्यावर यायचा. मग यायचा थांबला.

त्याला पोचवलं ते मोठ्या विटांच्या चर्चमधून. तिथे बाजाची पेटी भिंतीएवढी होती आणि जमीन दगडी. बायनाने पाद्रीबुवांना विचारलं, खालच्या खोलीत फेर धरू का? पाद्रीबुवा शिकलेले, भले गृहस्थ होते. पण दक्षिणेकडचं हे खेडवळ वागणं उत्तरेतल्या गोऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये, अशी त्यांना धास्ती होती. ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, इथे आपण बसून प्रार्थना करतो." बायना बसली. घरी आल्यावर तिने मला दारामागे उभं केलं आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून ती तशीच राहिली. रेन्टी फेराशिवाय गेला होता.

मित्रांनो, दारामागे उभं राहणं काय असतं, ते दारामागच्यालाच कळतं. त्या वर्षांत माझ्यावर ओले कपडे वाळत घातले गेले. वरच्या मजल्यावर एक ट्रम्पेटवाला राहायचा. तो फार वाजवायला लागला की बायना माझ्या टोकाने छताला ठोके द्यायची. तो माणूस इतका निर्लज्ज की त्या ठोक्यांवरच सूर धरायचा. बायना म्हणायची, "रागवायचं तरी कसं मेल्याला, तालात असतो."

आणि बाहेर हार्लेमला बहर आला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून पोरं एकमेकांना कविता वाचून दाखवायची. न्हाव्याच्या दुकानात चित्रांवरून भांडणं व्हायची. कोपऱ्यावरच्या वाचनालयात संध्याकाळी उभं राहायला जागा नसायची. आमच्यासारख्यांनी, आमच्याबद्दल, आमच्याच हातांनी लिहिलेलं छापून येऊ लागलं होतं. ज्यांना काल कोणी ओळखत नव्हतं, त्यांचं नाव आज भाजीवाल्याच्या तोंडी असायचं.

ऑरेलियाला घरी सगळे ऑरी म्हणत. ती त्या बहरातच मोठी झाली आणि एका थिएटरमध्ये नाचायला लागली. बायनाने तिला घराबाहेर काढलं नाही, पण तिचं नाचणं घरातही घेतलं नाही. ऑरी कामावर निघाली की म्हातारी विचारायची, "चाललीस पायाला पाय ओलांडायला?" ऑरी म्हणायची, "हो आजी, आज जरा जास्तच ओलांडणार आहे." दोघी हसायच्या. पण दार लागलं की बायनाचं हसणं तिथेच संपायचं.

एकदा थिएटरमधून परतल्यावर ऑरी बूट न काढताच बसून राहिली. तिच्या खेळात एक प्रवेश होता. कापडाची झोपडी, पुठ्ठ्याचा चंद्र, आणि दक्षिणेतले लोक म्हणून डोळे गरगर फिरवत नाचणाऱ्या मुली. ती म्हणाली, हे खोटं आहे एवढं मला कळतं, पण खरं काय ते मला येत नाही. मग तिने आजीला विचारलं की मला फेर शिकवशील का. बायना चवळीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "जे पाय पडद्यापुढे ओलांडतात ते फेरात येत नाहीत, बाळा. हे मी नाही म्हणत, फेर म्हणतो." ऑरीने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी तिने येता-जाता दोनदा दारामागे पाहिलं.

तिच्या ओळखीने एक दिवस मिस्टर विनफिल्ड टेट जेवायला आले. त्यांचं एक मासिक होतं आणि त्यांच्या बुटांत तोंड दिसायचं. बायनाने भेंडी-कोळंबीचं कालवण आणि भात केला होता. ती वाढताना काहीतरी गुणगुणत होती. टेटसाहेबांचा चमचा थांबला. त्यांनी विचारलं, हे कुठलं गाणं? बायना म्हणाली, तुमच्या आईला विचारा की. कुठली ती? ते म्हणाले, तुमच्याच किनाऱ्यावरची. पण तिने मला कधी काही म्हणून दाखवलं नाही. मला ते न येणंच माझ्या भल्याचं आहे, असं तिला वाटायचं. हे सांगताना ते हसले नाहीत. बायनाने त्यांना न विचारता आणखी भात वाढला.

फेराची गोष्ट निघाली. वाचनालयाच्या तळघरात लाकडी जमिनीची खोली आहे, असं टेटसाहेब म्हणाले. हार्लेममध्ये किनाऱ्याकडचे लोक विखुरलेले आहेत, त्यांना मी शोधून आणतो. लेखक येतील, चित्रकार येतील, सगळे बघतील. बायनाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"फेर मेलेल्या माणसासाठी असतो, साहेब. मयताला कोणी खुर्च्या मांडून बसतं का?"

पण तिने साफ नकार दिला नाही. कारण मित्रांनो, तिलाही माणसं हवी होती. एकट्या बाईला फेर धरता येत नाही. इतकी वर्षं तिचा नवरा वाटेवर उभा होता आणि हा चकचकीत बुटांचा माणूस तिला वाट देत होता. शेवटी तिने एकच अट घातली. खोलीत खुर्ची नको. जो येईल तो फेरात येईल, नाहीतर भिंतीशी उभा राहून टाळी धरील. बघायला म्हणून कोणी बसायचं नाही. टेटसाहेबांनी मान्य केलं.

रविवारी दुपारी बायनाने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि हातात धरून पाच मजले उतरवलं. ऑरी आजीचा कोट घेऊन मागून आली. तिला एवढीच परवानगी होती.

तळघरात किनाऱ्याकडचे दहा-बारा जण जमले होते. धोबिणी होत्या, इमारतींचे झाडूवाले होते. काहींनी एकमेकांना बघून नुसते हात धरून ठेवले. भिंतीशी तरुण मंडळी उभी होती, आणि त्यांत आमच्या वरचा ट्रम्पेटवालाही होता. खुर्ची एकही नव्हती. बायनाने टाचेने जमीन ठोकून पाहिली आणि मान डोलावली.

दांडा धरणार होते जुपिटरकाका. ते गाडीवर मासे विकायचे. शेजारच्या बेटावर त्यांनी तरुणपणी ताल धरला होता. ते एका खोक्यावर टेकले, मला हातात घेतलं आणि ठोके दिले. पहिला बरा पडला. दुसरा घसरला. तिसरा पडलाच नाही, मी त्यांच्या बोटांतून निसटलो. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा तेच झालं. मग त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि हात खिशात घातले.

"बायना, माझ्या मनगटाला बर्फाने खाल्लंय," ते म्हणाले. "मी अडखळलो तर रेन्टी अडखळेल. हे पाप मी घेत नाही."

दुसरं कोणी दांडेवाला नव्हतं. धोबिणींनी खाली पाहिलं. एका झाडूवाल्याने टोपी उचलली. बायना खोलीच्या मधोमध उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला माझी लाज वाटली. मी इथे होतो, जमीन इथे होती, माणसंही होती, आणि तरी मी मुका होतो.

"आजी, मी धरते," ऑरी म्हणाली. आजीचा कोट अजून तिच्या हातावर होता.

"तुझे पाय..." बायना म्हणाली.

"पाय मागतंय कोण? दांडेवाला बसलेला असतो ना?"

मग जुपिटरकाका खाकरले. "बोलतेय ते खरं आहे, बायना. दांडेवाल्याचे पाय आजवर कोणी बघितलेत?"

बायनाने नातीचे पाय पाहिले, मग हात पाहिले, आणि मग मागे वळली. "टेटसाहेब, एक खुर्ची आणा."

टेटसाहेब स्वतः वर धावले आणि वाचनाच्या टेबलाची खुर्ची घेऊन आले. ऑरी बसली. पाय तिने खुर्चीच्या पायांना चिकटवून घेतले, जणू ते बांधलेलेच आहेत. तिने मला धरलं.

पहिले ठोके तिने जोरात दिले. ताल बरोबर होता, पण तो थिएटरचा होता, घाईचा. पुढच्या ठोक्याची वाट न बघणारा. धोबिणींच्या टाळ्या त्याच्यामागे धापा टाकत गेल्या आणि विस्कटल्या. बायनाने हात वर केला. सगळं थांबलं. ती खुर्चीपाशी आली आणि नातीच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"तू मारतेस, पोरी. त्याला पडू दे."

रेन्टीचं सगळं त्या एका वाक्यात होतं. त्याने मला आयुष्यात कधी आपटलं नाही. तो उचलायचा आणि सोडायचा. पडायचं काम माझं होतं, माझ्या वजनाचं. बायनाने आमच्या दोघांवर हात ठेवून मला उचललं आणि सोडलं. पुन्हा उचललं, सोडलं. मग तिने आपला हात काढून घेतला, आणि ऑरीची पकड सैल झालेली मला जाणवली. मी पडलो. दोन लांब, एक तोकडा. जमीन घुमली. इतक्या वर्षांनी ती मला ओळखीच्या आवाजात बोलली.

बायनाने गाणं उचललं. वाट लांब आहे, रेन्टी, आम्ही मागेच आहोत. झीलकऱ्यांनी घेतलं, चाल भावा, चाल. फेर सरकू लागला, उजवीकडे, पावलं घासत. बर्फाने आखडलेले, साबणाने फाटलेले, जिने चढून सुजलेले पाय. एकही पाय ओलांडला नाही. भिंतीशी उभ्या असलेल्यांनी टाळ्या धरल्या. टेटसाहेबांची टाळी चुकत होती. जुपिटरकाकांनी काही न बोलता त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि नीट बसवले. टेटसाहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात काकांकडे असल्यामुळे त्यांना ते पुसता आलं नाही.

ऑरीचे डोळे मिटलेले होते. पाय हलले नाहीत. तिला किती हलवावेसे वाटत होते ते फक्त मला कळत होतं, कारण ते सगळं तिच्या हातांतून माझ्यात उतरत होतं आणि माझ्यातून जमिनीत.

फेर संपला तेव्हा बायना त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली. "पोचला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता कोणी गरम रताळं आणेल का? भूक लागली."

टेटसाहेबांनी त्या दुपारवर मासिकात एक ओळही लिहिली नाही. ऑरीने कारण विचारलं तर म्हणाले, मी तिथे बघायला नव्हतो.

त्यानंतर बायना रविवारी त्याच तळघरात अक्षरं शिकायला जायची. मला काठी म्हणून न्यायची आणि बाकाला टेकवायची. तिने वयाच्या त्या टोकाला स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव लिहायला शिकून घेतलं. तिच्याबरोबर बसून चार अक्षरं मलाही आली.

पण बहर टिकत नाही. मंदी आली, थिएटर बंद पडलं, मासिक बंद पडलं. कवी जिथे पोट भरेल तिथे गेले. जुपिटरकाका वारले. धोबिणी कुठे पांगल्या कळलं नाही. आणि मग बायना गेली.

ऑरी फेरासाठी माणसं शोधत फिरली. तिला तिघं मिळाली, त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली. शेवटी ती स्वयंपाकघरात एकटीच खुर्चीवर बसली आणि तिने मला उचललं. ताल चांगला होता, अगदी रेन्टीसारखा. मी पडत राहिलो. समोर कोणीच सरकत नव्हतं. खालच्या बिऱ्हाडाने वैतागून छत ठोकलं तेव्हा ती थांबली.

पुढे ऑरी लहान मुलांना नाच शिकवायची. म्हातारी झाली. मला विकत घ्यायला एकदा संग्रहालयाचा माणूस आला होता, तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला मात्र ती परत कधी वाजवू शकली नाही. बायना वाटेवर उभी असेल का, हा विचार तिने कोणापाशी बोलून दाखवला नाही. पण दारामागून जाताना तिचा हात मला लागायचा, आणि हात काही लपवत नाही. तिच्यानंतर खोली रिकामी केली गेली आणि मी जिन्यात आलो.

आज इमारतीची झाडूवाली बाई मला वापरते. तिने माझ्या टोकाला काथ्याचा झाडू बांधला आहे. भली बाई आहे, कामाला चोख आहे. माझी तक्रार नाही. काम असलेला दांडा अडगळीतल्यापेक्षा बरा.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस असेल. भाजी निवडताना त्याच्या तोंडात कसलंसं गाणं येत असेल, ताटाच्या कडेवर बोटं ताल धरत असतील. त्याच्यापाशी जा. त्याला विचारा. खुर्ची ओढून बघत बसू नका, त्याच्या शेजारी उभे राहा, चुकलात तर चुका. टेटसाहेबांसारखे तुमचे हातही कोणीतरी नीट बसवेल. ते माणूस असेपर्यंतच हे होतं. नंतर माझ्यासारखे दांडे उरतात, आणि आम्हाला सगळं आठवत असलं तरी आमच्याने एकट्याने काही होत नाही.

झाडून झालं की ती बाई खाली येते आणि धूळ झटकायला मला शेवटच्या पायरीवर आपटते. पायरी लाकडी आहे, चांगली घुमते. एकदा आपटते. पुन्हा एकदा आपटते. मग मला भिंतीला टेकवून हात धुवायला जाते.

मी रोज तिसऱ्याची वाट पाहतो.